शुक्रवारचं पत्रक आणि आपली मराठी

(मंडळाच्या जूनमधील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांचा फोन आला, "ताई, मेळाव्यात तुम्ही बोलायचं. विषय आहे, इंटरनॅशनल शाळांमधल्या घडामोडी आणि येणारे कार्यक्रम." मला वाटलं, फोन चुकून लागला. मी सगळी नोकरी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत केली. खडू, फळा, पाढे आणि हजेरीपट एवढंच माझं जग. मी म्हटलं, "अहो, त्या शाळांचं मला काय कळतं?" ते म्हणाले, "तुमची नात तिथं शिकते ना? मग झालं." तेव्हा मी आज उभी आहे ती बाई म्हणून कमी आणि आजी म्हणून जास्त.

पहिल्यांदा एक कबुली देते. मुलाने आणि सुनेने नातीला इंटरनॅशनल शाळेत घातलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. बोलले नाही, पण वाटलं. मी ज्या शाळेत शिकवलं तिथं सुरुवातीला एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या होत्या. निवृत्त झाले तेव्हा तीन इयत्ता मिळून एक वर्ग भरत होता. त्यामुळे आपल्याच घरातलं मूल दुसरीकडे निघालं की काळजात जरा हलतं. पण आई-बापांचा हिशेबही चुकीचा नव्हता. मुलगा कंपनीच्या कामाने कधी पुण्यात, कधी परदेशात. उद्या बदली झाली तर मुलीचं शिक्षण तुटू नये, एवढाच त्यांचा विचार.

आता या शाळेत दर शुक्रवारी संध्याकाळी एक पत्रक निघतं. न्यूजलेटर म्हणतात. ते पालकांच्या फोनवर येतं. वर मुख्याध्यापकांचे दोन शब्द, मग आठवड्याच्या बातम्या: कोण फुटबॉल जिंकलं, चौथीने भाजीबाजाराला भेट दिली, सातवीने शाळेच्या टाकीतलं पाणी मोजलं. मग फोटो. आणि शेवटी चौकटीत पुढचे कार्यक्रम: अमुक तारखेला विज्ञान प्रदर्शन, अमुक तारखेला पुस्तकांचा दिवस, पालकांपैकी कुणाला यायचं असेल त्यांनी बुधवारपर्यंत नाव द्यावं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्या चौकटीत एक ओळ होती. 21 फेब्रुवारी, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. ज्या आजी-आजोबांना आपल्या भाषेत मुलांना गोष्ट सांगायची आहे त्यांचं स्वागत आहे. आमच्याकडे ती ओळ कुणी वाचलीच नाही. मुलगा दौऱ्यावर, सून ऑफिसच्या गडबडीत, आणि माझ्या फोनवर ते पत्रक येतच नाही. पुढच्या शुक्रवारी फोटो आले. एक तमिळ पाटी, एक बंगाली आजोबा, एक मल्याळी आजी, पंजाबी आई, आणि एका परदेशी इंजिनिअरची बायकोसुद्धा तिच्या भाषेत गाणं म्हणत होती. मराठी कुणी नाही. बडोद्यात! मांडवीपासून राजवाड्यापर्यंत ज्या गावात दगडादगडावर गायकवाडांचं नाव आहे, तिथल्या शाळेत मातृभाषा दिनाला मराठीची पाटी नाही.

नातीला विचारलं, "तू काय लिहिलंस गं कागदावर?" ती म्हणाली, "इंग्लिश लिहिलं. बाईंनी विचारलं, घरून कोण येणार, मला माहीत नव्हतं."

शाळेची चूक नव्हती. त्यांनी दार उघडून ठेवलं होतं आणि आपण त्या दाराशी गेलोच नाही. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीवर आहे.

थोडं मागे जाऊ या, कारण "इंटरनॅशनल शाळा" या शब्दाची आपल्याकडे एक तर भुरळ आहे, नाही तर धास्ती. या प्रकारची पहिली नावाजलेली शाळा 1924 मध्ये जिनिव्हाला निघाली. तिथं राष्ट्रसंघाची आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची कार्यालयं होती. देशोदेशींचे कर्मचारी तिथं आले, त्यांची मुलं शिकणार कुठे? त्यांच्यासाठी ती शाळा. पुढे 1968 मध्ये त्याच जिनिव्हात आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था उभी राहिली, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या मुलाची बारावी कुठल्याही विद्यापीठाने मानावी. थोडक्यात, ही शाळा निघाली ती गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसांच्या मुलांसाठी. आता सांगा, ते आपल्याला परकं आहे का? आपले पूर्वज तरी कोण होते? 1730 च्या दशकात गायकवाडांबरोबर, आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षं नोकरीपाण्यासाठी, घाट उतरून इथं आलेली माणसंच ना?

एक सूचना इथंच देऊन ठेवते. पाटीवर "इंटरनॅशनल" लिहिलेली प्रत्येक शाळा आयबीची नसते. कुठे सीबीएसई असतं, कुठे केंब्रिज. प्रवेश घेताना बोर्ड कुठलं आहे ते नीट विचारा. नाव पाहून फी भरू नका.

आता बडोद्यातलीच तीन माणसं आठवू या. तिघांचंही शिक्षण, आजच्या भाषेत, इंटरनॅशनल.

पहिले आपले सयाजीराव महाराज. 1863 चा जन्म, नाशिक जिल्ह्यातलं कवळाणा गाव, शेतकऱ्याचं घर. 1875 मध्ये जमनाबाई महाराणींनी दत्तक घेतलं तेव्हा बारा वर्षांचं वय, आणि शाळेशी संबंध जवळजवळ नाहीच. एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. त्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच शिकाव्या लागल्या. आज आपण म्हणतो, "पोरावर चार भाषांचं ओझं." तो मुलगा सहा वर्षांनी राज्यकारभार हातात घेता झाला. 1893 मध्ये त्याने अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. ते दिलं मुलांच्या स्वतःच्या भाषेत. 1931 मध्ये निघालेला "श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु" हा राज्यकारभाराचा कोश तर आठ भाषांचा आहे. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. भाषा एकमेकींच्या शेजारी बसू शकतात, हे या गावाने फार पूर्वी छापून ठेवलं आहे.

दुसरे श्री अरविंद. दांडिया बाजारातला त्यांचा बंगला तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. कित्येकांच्या शाळेच्या रस्त्यावर तो होता. त्यांच्या वडिलांना वाटे, मुलांवर देशी संस्कार नकोत. घरात इंग्रजी. सातव्या वर्षी, 1879 मध्ये, इंग्लंडला पाठवलं. तिथं ग्रीक, लॅटिन, फ्रेंच शिकले. केंब्रिजला शिकून 1893 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी ते बडोद्याच्या नोकरीत आले, पुढे कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवू लागले. पण स्वतःची बंगाली? ती धड येत नव्हती. ती त्यांनी इथं, आपल्या बडोद्यात, मोठेपणी शिकून घेतली. दिनेंद्रकुमार रॉय नावाचे बंगाली लेखक त्यासाठी त्यांच्याजवळ येऊन राहिले होते. त्याच मुक्कामात ते मराठी आणि गुजरातीही शिकले. पुढे 1909 मध्ये त्याच गृहस्थांनी "धर्म" नावाचं बंगाली साप्ताहिक चालवलं.

मी शिक्षिका म्हणून या गोष्टीकडे दोन बाजूंनी बघते. एक, उशीर झाला म्हणून सगळं संपत नाही. विसाव्या वर्षीही आपली भाषा परत मिळते. आणि दुसरी, त्यासाठी श्री अरविंदांची बुद्धी आणि घरी राहणारा शिक्षक लागतो. आपल्या पोरांना आपण दोन्ही देऊ शकत नाही. त्यापेक्षा सातव्या वर्षी आजीची गोष्ट स्वस्त पडते!

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1913 मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. एवढं मोठं शिक्षण घेऊन 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत परत आले, आणि या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. सयाजीबागेतली संकल्पभूमी ती आठवण सांगते. हे मी मुद्दाम सांगते, कारण शाळेच्या पत्रकात "आपला समुदाय" असा शब्द वारंवार येतो, आणि आपणही "आपलं मंडळ, आपली माणसं" म्हणतो. आपली माणसं म्हणजे कोण, याची यादी या गावात एकदा फार आखूड करण्यात आली होती. ती चूक पुन्हा नको. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी "मूकनायक" काढलं ते मराठीत. कोलंबियात शिकलेल्या माणसाला आपल्या लोकांशी बोलायचं तर मराठीतच बोलावं लागेल, हे ठाऊक होतं.

तर परदेशी शिक्षण आणि मातृभाषा यांचं वैर नाही, हे आपल्याच गल्लीत सिद्ध झालेलं आहे. आता येऊ या आपल्या मुलांकडे.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "अगं, चार भाषा शिकतात बिचारी. त्यात मराठी कुठे कोंबायची?" मी गेल्या वर्षभरात नातीच्या वह्या बघितल्या आणि मला उलटंच दिसलं. बडोद्यातल्या मुलाला मराठी कोंबावी लागत नाही. ती निम्मी आधीच आलेली असते. कशी, ते सांगते.

बहुतेक शाळांत हिंदी असते. म्हणजे देवनागरी लिपी आली. अमेरिकेतल्या मराठी मुलाला अ-आ-इ पासून सुरुवात करावी लागते. आपल्या मुलाला अक्षर येतं.

आणि गुजराती. 2023 मध्ये गुजरात विधानसभेने कायदा करून पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सगळ्या बोर्डांच्या शाळांना बंधनकारक केलं. इंटरनॅशनल शाळाही त्यात आल्या. त्या वेळी काहींनी कुरकुर केली. मी म्हणते, मराठीला याहून चांगली मैत्रीण मिळणार नाही. हिंदीत नसलेला आपला "ळ" गुजरातीत आहे. हिंदीत फल, काला, केला. गुजरातीत फळ, काळो, केळुं. मराठीत फळ, काळा, केळं. बघा कोण कुणाच्या शेजारी बसलं!

दुसरं, लिंग. हिंदीत दोनच लिंगं. हिंदीतून मराठीकडे आलेलं मूल म्हणतं, "माझा घर". गुजरातीत तीन लिंगं, आपल्यासारखी. मारो भाई, मारी बहेन, मारुं घर. माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर. ज्या मुलाला "मारुं घर" येतं त्याला "माझं घर" शिकवायला पाच मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

म्हणजे लिपी हिंदीने दिली, ळ आणि नपुंसकलिंग गुजरातीने दिलं. उरलं काय? आपले शब्द, आपला उच्चार आणि बोलायला कुणीतरी माणूस. एवढंच आपल्याकडून हवं आहे. तेही नाही दिलं तर दोष शाळेचा कसा?

फसगतीही होतात, आणि मजा तिथंच आहे. आपला दादा म्हणजे मोठा भाऊ. गुजराती दादा म्हणजे आजोबा. माझ्या नातीने वर्गात सांगितलं, "माझा दादा आठवीत आहे," तर शेजारची मुलगी पोट धरून हसली.

मी यंदा शाळेत गेले, तेव्हाची गोष्ट तर ऐकाच. 21 फेब्रुवारी शनिवारी होता, म्हणून शाळेने आदल्या दिवशी, शुक्रवारी कार्यक्रम ठेवला. या वेळी मी जानेवारीपासूनच सुनेला सांगून ठेवलं होतं, पत्रक आलं की मला वाचून दाखव. नाव दिलं. साडी नेसून गेले. दारावर नाव लिहून घेतलं, गळ्यात पट्टी घातली, मला वाटलं विमानात बसवतात की काय.

वर्गात वीस-बावीस मुलं. मी चिऊ-काऊची गोष्ट सांगायला घेतली. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. पहिल्याच वाक्याला एक मुलगा म्हणाला, "चिमणी म्हणजे काय?" मी नातीकडे बघितलं. ती उठली आणि म्हणाली, "चकली." गुजरातीत चकली म्हणजे चिमणी, तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांना कळलं. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मराठी मुलगा, आपल्याच एका सभासदाचा नातू, उभा राहिला आणि म्हणाला, "चकली तर दिवाळीत खातात!" मग जो हशा पिकला की बाईंना टेबल वाजवावं लागलं. कावळा भिजून दाराशी येतो आणि चिमणी आतून सांगते थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, तोवर वर्गातली अर्धी मुलं माझ्याबरोबर "थांब" म्हणायला लागली होती. तमिळ, बंगाली, गुजराती, सगळी. नात माझ्या शेजारी उभी राहून मधूनमधून अर्थ सांगत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. घरी माझ्याशी इंग्रजीतून उत्तर देणारी पोरगी त्या दिवशी माझी दुभाषी झाली.

परत येताना गाडीत तिने विचारलं, "आजी, मेण म्हणजे वॅक्स ना? मग पावसात विरघळत नाही, म्हणून चिमणी हुशार?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "तुला आणखी कुठल्या येतात?" इतकी वर्षं मी घरात होते, हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. शाळेने माझी गोष्ट ऐकली, म्हणून तिला ती ऐकण्यासारखी वाटली. मुलं अशीच असतात. त्यांच्या जगात जिथं मान मिळतो, त्याला ती मान देतात. म्हणून आपण घरात बसून "मुलं मराठी बोलत नाहीत" म्हणण्यापेक्षा, त्यांच्या जगात जाऊन बसायला हवं.

त्या दिवसाचा इतिहासही मुलांना सांगण्याजोगा आहे. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात विद्यार्थ्यांनी आपल्या बंगालीसाठी प्राण दिले. युनेस्कोने 1999 मध्ये तो दिवस मातृभाषा दिन ठरवला. त्यानंतर सहाच दिवसांनी, 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपला मराठी भाषा गौरव दिन. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्याआधी 2018 च्या फेब्रुवारीत याच गावात 91 वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी स्वयंसेवक म्हणून बिल्ले लावले होते. ते सगळं छानच. पण संमेलन तीन दिवसांचं. शाळा वर्षाचे दोनशे दिवस असते.

आता कामाचं बोलते. चिटणीसांनी मला "येणारे कार्यक्रम" असाही विषय दिला आहे, तर माझी यादी ऐका.

पहिलं काम घरातलं. शुक्रवारी संध्याकाळी शाळेचं पत्रक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. दहा मिनिटं लागतात. शक्य असेल तर मुलानेच मराठीत सांगावं, या आठवड्यात काय झालं आणि पुढे काय आहे. फुटबॉलच्या सामन्याची बातमी मराठीत सांगताना त्याला जे शब्द शोधावे लागतील, तो त्याचा मराठीचा तास. वेगळा वर्ग नको, फी नको.

दुसरं काम मंडळाचं. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे, आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी, 25 सप्टेंबरला. चतुर्थीची सुट्टी मिळते, पण मधले दिवस शाळा चालू. गेल्या वर्षी आपल्या बालसभेच्या नेमक्या दुसऱ्या दिवशी एका शाळेची परीक्षा होती आणि नाटकातला उंदीर आलाच नाही. गणपतीला वाहनाशिवाय प्रवेश करावा लागला! आपण चिडलो. पण त्या शाळेला आपली तारीख कुणी कळवली होती? शाळा सुरू होताच मंडळाने सगळ्या शाळांच्या कार्यालयांना एक पानी पत्र द्यावं. तारखा, मुलांचे कार्यक्रम कोणत्या वेळी, आणि नम्र विनंती की त्या दोन दिवशी परीक्षा नको. सोबत निमंत्रण: शिक्षकांनी आरतीला यावं, मुलांना घेऊन शाडूची मूर्ती कशी करतात ते बघायला यावं. पत्रकात तेही छापून येईल. त्यांना दर शुक्रवारी मजकूर हवाच असतो. आणि आपणही आपले मुलांचे कार्यक्रम परीक्षेच्या आठवड्यात न ठेवता शनिवार-रविवारी घ्यावेत. एकतर्फी मागणं बरं दिसत नाही.

तिसरं, आपल्या स्पर्धा. निबंध स्पर्धेला दरवर्षी तीच चार नावं येतात, आणि त्यातले दोन निबंध आईने लिहिलेले असतात. मी तपासते, मला अक्षर ओळखता येतं! त्याऐवजी मुलांना सांगू या, आजी-आजोबांना पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं मराठीत एका पानावर लिहा. तुमची शाळा कुठे होती, शाळेत कसे जात होता, बडोद्यात आपलं घराणं कधी आलं, सुरसागरचं विसर्जन कसं होतं, खंडेराव मार्केटात काय मिळायचं. चुका असल्या तरी चालतील. "माझा घर" लिहिलं तरी मी गुण कापणार नाही, शेजारी बसवून "मारुं घर" आठवून देईन.

चौथं, मोठ्या मुलांसाठी. आयबीच्या अकरावी-बारावीत सीएएस नावाचा भाग असतो, किमान अठरा महिने चालणारा. त्यात कला, शारीरिक काम आणि सेवा. मुलांना त्यासाठी उपक्रम शोधावे लागतात, आणि आपल्या मंडळात कामं पडून आहेत. वाचनालयातली जुनी पुस्तकं नोंदवायची आहेत. ऐंशी ओलांडलेल्या सभासदांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. मुलांना उपक्रम मिळेल, मंडळाला हात मिळतील.

आणि त्याच अभ्यासक्रमात आणखी एक सोय आहे, जी फार थोड्या पालकांना ठाऊक असते. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला, तरी विद्यार्थी शाळेच्या मदतीने आपल्या मातृभाषेतलं साहित्य स्वतः अभ्यासून ते पहिली भाषा म्हणून घेऊ शकतो. त्यासाठी शाळेमार्फत आधीपासून हालचाल करावी लागते. म्हणून ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी आत्ताच समन्वयकांकडे मराठीसाठी विचारणा करावी. एका मुलाने विचारलं तर ते एकट्याचं म्हणणं राहतं. तीन घरांनी एकत्र विचारलं तर शाळेला उत्तर शोधावं लागतं.

पाचवं आणि शेवटचं. पुढच्या वर्षी 21 फेब्रुवारी रविवारी येतो. शाळा बहुधा आदल्या आठवड्यात कार्यक्रम घेतील. माझी इच्छा आहे की त्या दिवशी बडोद्यातल्या प्रत्येक इंटरनॅशनल शाळेत मराठीची एक पाटी असावी आणि पाटीमागे आपलं एक माणूस. गोष्ट सांगणारं, ओवी म्हणणारं, पुरणपोळी कशी लाटतात ते दाखवणारं, लेझीम शिकवणारं. आजोबांनो, तुम्हीही. जुम्मादादांच्या व्यायामशाळेत मल्लखांब केलेले तुमच्यात अजून आहेत. गोष्ट येत नसेल तर मल्लखांबाची गोष्ट सांगा. ज्यांना यायचं असेल त्यांनी आज जाताना दाराशी वहीत नाव लिहावं. त्या वहीत मी पहिलं नाव लिहिलं आहे, म्हणजे कुणी म्हणायला नको, बाई नुसत्या बोलतात.

आणि ज्यांची मुलं अशा शाळेत नाहीत, साध्या गुजराती किंवा इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना वाटेल, हे आमच्यासाठी नाही. तसं नाही. पत्रक निघत नसेल तिथं फळा असतो, आणि मुख्याध्यापक असतातच. आजी गोष्ट सांगायला येऊ का विचारते, याला नाही म्हणणारी शाळा मी तरी अजून पाहिली नाही.

एक शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. मी गोष्ट सांगून आल्यावर पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी नात स्वतः फोन घेऊन माझ्या खोलीत आली. पत्रकात फोटो होता. मी उभी, ती शेजारी, आणि मागे फळ्यावर तिच्या अक्षरात "मराठी". र चा काना, ठ ची वेलांटी, सगळं बरोबर. तिने मला बातमी वाचून दाखवली, इंग्रजीत होती ती मराठीत सांगत सांगत. एका शब्दावर अडली. "समुदाय" तिला सुचेना. विचार करून म्हणाली, "आजी, आपली माणसं."

मी तो शब्द दुरुस्त केला नाही.

गणपती बाप्पा मोरया.  दाराशी वही आहे, विसरू नका.